शुक्रवारपर्यंत निकाल सांगायचा नाही

सौदीतल्या रास अल खैरला दाराखाली ओलं फडकं लावून ठेवलं, तरी संध्याकाळपर्यंत खोलीत वाळू येतेच. किश्श्यांचंही तसंच आहे. मुद्दाम कुणी गोळा करत नाही. चार माणसं एका जागी बरीच वर्षं राहिली की ते आपोआप साठतात. मी बोलायला सावकाश. माझं एक वाक्य पुरं होईपर्यंत बशीरचे दोन किस्से सांगून होतात. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं. शाळा चौथीपर्यंतच झाली माझी, पण लिहिताना मध्येच कुणी तोडत नाही, हे एक बरं आहे.

मी अब्दुल गनी. गाव दाभोळच्या खाडीकाठी. रास अल खैरला आमच्या कंपनीचं गॅरेज होतं, तिथे मी टायरच्या कामावर होतो. माणसं नेणाऱ्या बस, डंपर, पाण्याचे टँकर, सगळ्यांची चाकं माझ्याकडे. सगळे मला गनीचाचा म्हणायचे. बशीर आमच्या कॅम्पच्या मेसचा मुख्य आचारी, श्रीवर्धनचा. भट्टीवरच्या पातेल्याशी बोलून बोलून त्याचा आवाज मोठा झालेला. आणि वैद्यसाहेब नाशिकचे इंजिनीअर. शांत माणूस. बिर्याणी आली की फक्त भात आणि बटाटा घ्यायचे, आणि बशीर दर शुक्रवारी त्यांच्यासाठी बटाटे वेगळे ठेवायचा.

वैद्यसाहेबांना कंपनीने एकदा ट्रेनिंगसाठी अमेरिकेला पाठवलं होतं. तिथे त्यांनी स्टॉक कारची रेस बघितली आणि तो नाद घेऊनच ते परत आले. दिसायला साध्या मोटारीसारख्या तीस-चाळीस गाड्या, गोल मैदानात तीन-तीन तास पळतात. रेस तिकडे रविवारी, आमची सुट्टी शुक्रवारी. साहेबांचा मेहुणा तिकडून रेकॉर्डिंग पाठवायचा. जुम्याची नमाज, मग बिर्याणी, मग टीव्ही हॉलमध्ये रेस, असा आमचा शुक्रवार ठरलेला. त्यासाठी नियम एकच. शुक्रवारपर्यंत निकाल कुणी शोधायचा नाही. चुकून कळलाच तर बोलायचा नाही. जो बोलेल त्याने पुढच्या शुक्रवारचा सगळा कांदा चिरायचा. दोनशे माणसांचा!

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ज्या वर्षाचे हे किस्से, त्या वर्षी माझा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, संपत आला होता. साठीनंतर कंपनी माणूस ठेवत नसे. मॅनेजरने शिफारस केली आणि रियाधच्या मोठ्या ऑफिसने हो म्हटलं, तरच एक-एक वर्ष वाढ मिळायची. मला ती तीनदा मिळाली होती. चौथ्यांदा मिळते की नाही, हा प्रश्न होता. बायको जाऊन चार वर्षं झाली. मुलगी मुंब्र्याला सुखात आहे, ती म्हणायची, "अब्बा, आता बस झालं, या." तिचं खरंच होतं. पण मला अजून एक वर्ष हवं होतं. हात चालत होते. एवढंच कारण, दुसरं काही नाही.

०

बशीरने पहिली रेस बघितली तेव्हाची गोष्ट. पंधरा मिनिटं तो गप्प बसला होता, आणि बशीर पंधरा मिनिटं गप्प म्हणजे आम्हाला काळजी वाटायला लागली. मग तो म्हणाला, "साहेब, हे लोक डावीकडेच वळतायत."

"हो. मैदान गोल आहे ना. डावीकडेच वळायचं असतं."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

बशीर आणखी थोडा वेळ बघत राहिला. म्हणाला, "आमच्या श्रीवर्धनच्या एसटीच्या ड्रायव्हरला बसवा इथे. माणूस वाटेत झोप काढून पहिला येईल!"

दोन महिन्यांनी हाच बशीर मेसमध्ये पोरांना सांगत होता, "तुला काय कळतं रे? डावीकडे वळणं म्हणजे खेळ आहे का? टायर कसे झिजतात, चाचांना विचार!"

०

नियम पहिल्यांदा मोडला तो वैद्यसाहेबांनीच. तोंडाने नाही, चेहऱ्याने.

मेहुणा रेकॉर्डिंग पाठवायचा तेव्हा उत्साहात निकालही लिहून टाकायचा. त्यामुळे साहेबांना सोमवारीच सगळं कळायचं. ते बिचारे एक अक्षर बोलायचे नाहीत. पण त्यांची निळी टीम हरली की सोमवारी मेसमध्ये येऊन नुसतं ताटाकडे बघत बसायचे. बशीरने दोन आठवडे हे बघितलं. तिसऱ्या सोमवारी साहेबांचं ताट वाढता वाढता तो ओरडला, "निळी गेली! बघा, साहेबांनी पापड घेतला नाही!"

साहेबांनी खूप वाद घातला. चेहरा म्हणजे बोलणं नव्हे, कांदा चिरणार नाही. शेवटी निवाड्यासाठी प्रकरण माझ्याकडे आलं. मी म्हटलं, साहेबांनी मेहुण्याला सांगावं, निकाल लिहू नकोस.

साहेबांनी तसं कळवलं. पुढच्या सोमवारी मेहुण्याचा निरोप आला: "निकाल लिहीत नाही. पण दाजी, या वेळी बघाच, फार वाईट वाटेल."

कांदा चिरला साहेबांनीच. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला दोन कारणं होती.

०

बशीरची टीम होती पिवळी. का, तर पहिल्या रेसला पिवळी गाडी जिंकली होती. त्याने पिवळी टोपी घेतली, पिवळा टी-शर्ट घेतला. पिवळीचा ड्रायव्हर कसा निधड्या छातीचा, तो भिंतीला कसा घाबरत नाही, हे तो भाजी घेऊन येणाऱ्या सुदानी माणसालासुद्धा सांगायचा.

पुढच्या शुक्रवारी पिवळी मागे पडली. बशीर म्हणाला, "आज त्याची तब्येत बरी नसेल." त्याच्या पुढच्या शुक्रवारी तीच पिवळी दुसऱ्या गाडीला धडकली. बशीर म्हणाला, "निधड्या छातीचा आहे, होतं असं." चौथ्या शुक्रवारी पिवळी दिसेचना. बशीर रडकुंडीला आला. "साहेब, मेला की काय हो?"

तेव्हा बशीरचा घोटाळा साहेबांच्या लक्षात आला. साहेबांची निळी सोडली, तर बऱ्याच गाड्यांचे रंग दर आठवड्याला बदलतात. ज्या कंपनीची जाहिरात, तिचा रंग. गाडी ओळखायची ती नंबरावरून. बशीरने चार आठवड्यांत तीन वेगळ्या ड्रायव्हरांवर जीव लावला होता, त्यातले दोघे तर एकमेकांचे दुश्मन!

आम्हाला वाटलं, आता हा नंबर लक्षात ठेवेल. बशीर थोडा वेळ विचार करून म्हणाला, "तिघेही चांगले होते पण."

आणि तो पिवळीचाच राहिला. जी गाडी त्या आठवड्यात पिवळी असेल, ती त्याची.

०

नियमाने आमची एकदाच फसगत केली. त्या शुक्रवारी बशीरची पिवळी जिंकली. शेवटच्या फेरीत, अगदी नाकाच्या अंतराने. टीव्ही हॉलमध्ये असा आरडाओरडा झाला की सिक्युरिटीचा माणूस बघायला आला. त्यालाही मिठी! पिवळी जिंकणारच म्हणून बशीरने आधीच रव्याचा सांजा करून ठेवला होता, ईदला करतात तसा, काजू-बेदाणे घालून. सगळ्या कॅम्पला वाटला. बस ड्रायव्हरांना, क्लिनरना, कुणालाही सोडलं नाही.

सांजा संपल्यावर वैद्यसाहेब खाकरले. त्यांचा चेहरा विचित्र झाला होता. "बशीर, आता सांगायला हरकत नाही. शुक्रवार आहे, रेस बघून झाली."

"काय?"

"रेस संपल्यावर गाडी तपासतात. तुझ्या गाडीची मापं नियमात बसली नाहीत. त्यांनी तिला बाद केलं. पहिला नंबर दुसऱ्याला दिला."

"कधी?"

"सोमवारी. मेहुण्याला राहवलं नाही, त्याने कळवलं."

बशीर भांड्यातला डाव हातात घेऊन उभाच राहिला. जगभरात चार दिवसांपूर्वी हरलेल्या गाडीसाठी त्याने दोनशे माणसांचा सांजा केला होता.

मग त्याने रिकाम्या पातेल्यात बघितलं आणि म्हणाला, "खाल्ला तो खाल्ला. आता कुणाकडून परत मागू नका."

०

माझा आवडता ड्रायव्हर कोण, असं साहेब मला विचारायचे. खरं सांगायचं तर मला गाड्यांपेक्षा त्या थांबतात तेव्हाचं बघायला आवडायचं. गाडी आत येते. जॅकवाला पळत पुढे जातो आणि एका दाबात गाडी उचलतो. चाक निघतं, चाक बसतं, जॅक खाली, गाडी गेली. एवढ्यात आपण शिंकून नाक पुसत नाही. मी साहेबांना तेवढा भाग परत परत लावायला सांगायचो. बशीर वैतागायचा.

"चाचा, लोक ड्रायव्हर बघतात, मालक बघतात. जॅकवाल्याचा फोटो कुणी भिंतीवर लावतं का?"

साहेबांनी पुढच्या आठवड्यात एक फोटो छापून आणला. गाडी उचलताना जॅकवाला. मी तो गॅरेजमध्ये हवेच्या कॉम्प्रेसरच्या वर चिकटवला. सेफ्टीचा माणूस तपासणीला आला, त्याने विचारलं, "हा कोण? घरचा का?"

मी म्हटलं, "हो, धंद्याने."

पण ड्रायव्हरांतही एकावर माझा जीव होता. पिकलेल्या दाढीचा एक होता, सगळ्यांत वयस्कर. त्याला आम्ही नुसतं म्हातारा म्हणायचो. फार वर्षांत जिंकला नव्हता. पण गाडी थांबायची तेव्हा ती रेषेत थांबायची, चाकवाल्यांना एक पाऊल इकडेतिकडे व्हावं लागायचं नाही. त्या कामात ज्याचे हात गेले आहेत त्यालाच हे कळतं.

०

त्याच सुमारास आमचा मॅनेजर बदलला. नवा आला तो इंजिनीअर जाफर, तिथलाच सौदी, कतीफचा. वय तिशीच्या आसपास, नम्र पोरगा. त्याच्या आजोबांच्या खजुराच्या बागेत एक केरळी माणूस कामाला होता, त्याच्याकडून हिंदी शिकलेला. त्यामुळे त्याचं हिंदी केरळी चालीचं होतं. सगळ्यांचं ऐकून तोही मला चाचा म्हणायला लागला.

माझी शिफारस आता त्याच्या हातात होती. हे मला माहीत, बशीरला माहीत, साहेबांना माहीत. त्याच्यासमोर कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं.

एका शुक्रवारी बशीरने त्याला बिर्याणीला बोलावलं. तो आला, ताट घेऊन टीव्ही हॉलमध्ये आमच्याबरोबर बसला. रेस रंगात आली होती. आमच्या म्हाताऱ्याने तेवढ्यात गाडी भिंतीला घासली.

"बघा!" बशीर ओरडला. "परत! मी सांगतो, याला घरी बसवा. मालकाला डोळे नाहीत काय?"

"मालकाचं चुकतंय हे खरं," वैद्यसाहेब म्हणाले. "अनुभवाला मान द्यावा, पण किती दिवस? त्या जागेवर एखादा तरुण शिकून तयार झाला असता. नेता तो, जो वेळेवर सांगू शकतो."

"सरळ सांगायचं! बाबा रे, फार केलंस, थँक यू, खलास!"

आणि मग बशीरचं लक्ष जाफरकडे गेलं. बशीरचा हात हवेतच राहिला. साहेब चष्मा पुसायला लागले. जाफर ताटातला भात एकत्र करत होता. टीव्हीवर गाड्या तेवढ्या पळत होत्या.

बशीरने घाम पुसला. "म्हणजे साहेब, मी ड्रायव्हरबद्दल बोलतोय. टायरवाल्याचं वेगळं! टायरवाला जितका जुना तितका चांगला. आमच्याकडच्या लोणच्यासारखा!"

"लोणचं म्हणजे?" जाफरने विचारलं.

बशीर धावत मेसमध्ये गेला आणि बहिणीने पाठवलेली बरणी घेऊन आला. तीन वर्षांचं कैरीचं लोणचं. जाफरने भाताबरोबर अख्खी फोड तोंडात टाकली. त्याचे कान लाल झाले, डोळ्यांना धार लागली, तो पाण्यासाठी चाचपडायला लागला.

बशीरने विजयाने माझ्याकडे बोट दाखवलं. "बघितलंत? जुनं आहे म्हणून!"

०

मग बशीरने ठरवलं, चाचांसाठी अर्ज करायचा. साहेबांनी इंग्रजीत लिहायचा, जाफरने त्यावर सही करून रियाधच्या ओलाया भागातल्या मोठ्या ऑफिसात पाठवायचा. दोघे मेसच्या टेबलावर बसले. मी बाजूला.

"पहिलं लिहा," बशीर म्हणाला, "याच्या हाताने बसवलेलं चाक आजवर निघालं नाही."

"निघालं होतं," मी म्हटलं.

दोघेही माझ्याकडे बघायला लागले.

"पाण्याच्या टँकरचं. पुष्कळ वर्षं झाली. कुणाला लागलं नाही. चाक पुढे गेलं आणि टँकर मागे राहिला. चूक माझीच होती, हाक आली म्हणून मी अर्ध्यात उठलो होतो. तेव्हापासून चाक पुरं झाल्याशिवाय उठत नाही."

"चाचा," साहेब हळू आवाजात म्हणाले, "हे अर्जात लिहीत नाहीत."

"मग ते पहिलंही लिहू नका."

बशीरने कपाळावर हात मारला. पुष्कळ बोलाचाली झाली. साहेब म्हणाले, हे वाक्य वगळू, ते वगळू. मी जागचा हललो नाही. शेवटी साहेबांनी दोन्ही लिहिलं. चाक निघालं ते, आणि तेव्हापासून निघालं नाही तेही.

मग जन्मतारखेवर गाडं अडलं. पासपोर्टवर एक जून. बशीर म्हणाला, "ही खरी कशावरून? आमच्याकडे मास्तरांनी अर्ध्या गावाला एक जूनलाच जन्माला घातलंय! चाचा, तुम्ही लहानही असाल."

"मोठाही असेन," मी म्हटलं.

बशीर साहेबांना म्हणाला, "तारखेचं काही विचारू नका यांना. घाला कागदाची घडी!"

दुसऱ्या दिवशी जाफरने अर्ज आमच्यासमोर वाचला. चाक निघाल्याच्या ओळीवर थांबला, माझ्याकडे बघितलं, आणि सही केली. नुसता पाठवला नाही, तर स्वतः गाडी घेऊन रियाधला गेला. जायला-यायला अख्खा दिवस. परत आल्यावर मला म्हणाला, "चाचा, ओलायाला इमारत फार उंच आहे. लिफ्टमध्ये कान बंद होतात." उत्तर यायचं होतं.

०

आम्ही वाट बघत होतो. बशीर रोज विचारायचा, "आलं का?" जाफर मान हलवायचा, हो की नाही ते कळायचं नाही. त्या आठवड्यात तो रोज गॅरेजमध्ये आला. माझ्याजवळच्या जुन्या टायरवर बसायचा. कामाचं विचारायचा, गावाचं विचारायचा, खाडीत मासे कुठले मिळतात ते विचारायचा. त्यांच्या कतीफला मासळीचा मोठा बाजार आहे, त्याचं सांगायचा.

शुक्रवार आला. बिर्याणी झाली, रेस झाली. म्हाताऱ्याने त्या दिवशी फार छान गाडी चालवली, पाचवा आला. मध्ये असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची अजान झाली तेव्हा रेस थांबवली होती आणि आम्ही नमाज पढून आलो, तर वैद्यसाहेब एकटे पडद्याकडे पाठ करून बसलेले. पुढचं चुकूनही दिसू नये म्हणून! ते नेहमी असंच करायचे.

रेस संपल्यावर जाफरने खिशातून कागद काढला आणि टेबलावर ठेवला. साहेबांनी वाचला. मग घडी घालून परत ठेवला.

"नाही म्हणतायत," ते म्हणाले.

"त्या चाकाच्या वाक्यामुळे!" बशीर म्हणाला. "मी सांगत होतो!"

"नाही," जाफर म्हणाला. "मी तिथे समोर बसलो होतो. त्यांनी पहिल्या पानावरची जन्मतारीख बघितली. दुसरं पान उलटलंच नाही. नंतर हा कागद पाठवला."

बशीरने कागद उचलला, वरची तारीख बघितली. "हा तर रविवारी आलाय."

"हो."

"आणि तुम्ही आज दाखवताय? पाच दिवस खिशात घेऊन फिरलात?"

जाफर खाली बघत म्हणाला, "तुमचाच नियम आहे. शुक्रवारपर्यंत निकाल सांगायचा नाही."

"अहो, तो रेसचा नियम!"

"मला माहीत आहे. पण मला वाटलं, पाच दिवस तरी चाचांनी शांतपणे काम करावं."

बशीरने कागद खाली ठेवला. मी पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला.

खरं म्हणजे मला सोमवारीच कळलं होतं. मॅनेजर माणूस माझ्या चहात स्वतः साखर घालून ढवळून देतो, म्हणजे काय ते मला समजलं होतं. पण नियम मलाही होताच की.

०

जायचा दिवस आला. दम्मामहून दुपारचं विमान होतं. जाफर म्हणाला, कंपनीची गाडी नको, मी सोडतो. तो पांढराशुभ्र थोब, त्यांचा पायघोळ अंगरखा, घालून आला, लग्नाला निघाल्यासारखा. बशीर आणि वैद्यसाहेब रजा टाकून बरोबर. मला त्यांनी पुढे बसवलं. बशीरने डब्यात एवढं बांधून दिलं होतं की साहेबांना तो डबा मांडीवर घेऊन बसावं लागलं.

जुबैल मागे पडलं आणि थोड्या वेळाने गाडी उजवीकडे ओढायला लागली. मला आवाजावरूनच कळलं. मागचं उजवं. मी काही बोलायच्या आत जाफरलाही कळलं, त्याने गाडी बाजूला घेतली.

मी दार उघडलं. तिघेही एकदम ओरडले, "चाचा, बसा!"

"दहा मिनिटांचं काम आहे," मी म्हटलं.

"आज तुम्ही पॅसेंजर," जाफर म्हणाला. "मी बदलतो."

"तुम्ही कधी बदललंय?"

"बघितलंय. दर शुक्रवारी."

त्याने थोबच्या बाह्या वर केल्या. बशीर आणि साहेब उतरून सावलीच्या बाजूला उभे राहिले. मी आतच, आरशात बघत. साहेबांनी फोनवर घड्याळ लावलं, आणि बशीरने टीव्हीवरच्या माणसासारखी सुरुवात केली.

"गाडी आत आली आहे! जॅकवाला धावतोय! जॅकवाला परत धावतोय, कारण जॅक डिकीत सामानाच्या खाली आहे! सामान बाहेर! चाचांची पेटी बाहेर! चाचांची दुसरी पेटी बाहेर!"

"बशीर, गप्प बस," जाफर डिकीतून म्हणाला.

"टीमच्या मॅनेजरला राग आला आहे! साहेब, वेळ?"

"सहा मिनिटं."

"अमेरिकेत एवढ्या वेळात चहा पिऊन, कप धुऊन ठेवतात!"

जाफरने जॅक लावला तो चुकीच्या ठिकाणी. मी तोंड उघडलं, परत मिटलं. त्याने स्वतःच ओळखलं, काढून बरोबर जागी लावला. एक नट हलेना. तो पान्यावर उभा राहिला, थोब मांडीपर्यंत गुंडाळून. बाजूने जाणाऱ्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. नट सुटला. पांढऱ्या थोबवर काळा पट्टा उमटला, छातीपासून गुडघ्यापर्यंत.

"गाडीचा रंग बदलला!" बशीर ओरडला. पण त्याचा आवाज आता चिरकायला लागला होता, आणि तो दुसरीकडे बघून बोलत होता.

नवं चाक बसलं. जाफरने सहाही नट आवळले. एकेक नट आवळताना तो दात आवळायचा, आरशात दिसत होतं. जॅक खाली आला.

"एकतीस मिनिटं," वैद्यसाहेब म्हणाले.

"झालं!" जाफर म्हणाला आणि माझ्या खिडकीजवळ आला. नाकावर काळं, कपाळावर काळं. बशीरने पेट्या भराभर डिकीत टाकल्या. "चला, चला, विमान जाईल!"

मी खाली उतरलो.

"चाचा, काय करताय! उशीर झालाय!"

मी जाफरच्या हातातून पाना घेतला आणि चाकाशी बसलो. गुडघे जरा वाजले. एकेक नट बघितला. सहाही घट्ट होते. मग मी त्यातला एक सैल केला आणि पुन्हा आवळला. उठलो, पाना डिकीत ठेवला, हात पुसले.

जाफरचा चेहरा उतरला होता. "सैल राहिला होता?"

"नाही," मी म्हटलं. "घट्टच होता. यल्ला, चला."